राजांसाठीं घडलेली गाडी व तिचें मोल

लंडनमधील ऑलिंपिया येथें १९३२ सालीं भरलेल्या मोटार-प्रदर्शनांत एक दोन-दारी गाडी विक्रीस ठेवली होती. किंमत ६,५०० पौंड. तिला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. तीच गाडी १९८७ सालीं त्याच शहरांत, रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें, ख्रिस्तीज या पेढीनें लिलावांत काढली, तेव्हां तिला ५५ लाख पौंड आले. तोंपर्यंत लिलावांत कोणत्याहि मोटारीस एवढी रक्कम आली नव्हती. मधल्या पंचावन्न वर्षांत गाडी कांहीं अधिक वेगवान झाली नव्हती. उलट म्हातारी झाली होती. मग वाढलें तें काय?

ही गाडी म्हणजे बुगाटी कारखान्याची 'रॉयाल'. एत्तोरे बुगाटी हा जन्मानें मिलानचा. त्याचा कारखाना मात्र आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम येथें. शर्यतीच्या हलक्या गाड्यांबद्दल त्याची ख्याति होती. असा मनुष्य एकदम राजेरजवाड्यांसाठीं मोटार करावयास निघाला, आणि त्यानें मापाचा विचारच सोडून दिला. आजच्या लहान कौटुंबिक मोटारीचें इंजिन सव्वा लिटरच्या आसपास असतें. रॉयालचें होतें १२.७ लिटरचें, आठ नळकांड्यांचें. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ४.३ मीटर, म्हणजे तेवढ्या जागेंत आजची एखादी लहान मोटार अख्खी उभी राहील. समोर झांकणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला एक चिमुकला हत्ती. तो एत्तोरेचा दिवंगत बंधु, मूर्तिकार रेंब्रांट बुगाटी, याच्या कलाकृतीवरून घेतलेला.

'कूपे' हा शब्द घोडागाडीच्या काळचा आहे. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ 'कापलेली'. समोरासमोर बैठकी असलेल्या मोठ्या बग्गींतून पुढची बैठक कापून टाकली कीं उरते ती कूपे. मोटारींत तें नांव छप्पर पक्कें, दारें दोन, अशा गाडीस चिकटलें. ऑलिंपियाच्या गाडीस कोणी दोन-दारी सलून म्हणतात, कोणी कूपे. पण ज्या गाडींत सारा कुटुंबकबिला सहज बसेल, तिला 'कापलेली' म्हणणें जरा गमतीचेंच आहे!

बुगाटीनें २५ गाड्यांचा संकल्प केला होता. १९२९ सालच्या मंदीनें तो मोडला. विकल्या गेल्या अवघ्या तीन, आणि त्या तीन गिऱ्हाइकांत राजा एकहि नव्हता. मोटारींच्या हौसेबद्दल प्रसिद्ध असलेले हिंदुस्थानांतील संस्थानिकहि नव्हते. मग इंजिनांचें काय करावें? १९३३ सालापासून तीं आगगाडीच्या रुळांवर धांवणाऱ्या मोटार-डब्यांत बसविण्यांत आलीं. तेथें मात्र तीं खपलीं. ज्या गाडीनें कारखाना बुडावयाचा, तिच्याच इंजिनांनीं त्याला तारलें.

न खपलेल्या तीन गाड्या बुगाटी कुटुंबाकडेच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं त्या उचलून नेऊं नयेत म्हणून पॅरिसजवळील एर्मेनोंव्हील येथें त्या भिंत बांधून आंत दडविल्या. एत्तोरे १९४७ सालीं वारला. १९५० मध्यें त्याची कन्या लेबे हिनें त्यांतल्या दोन गाड्या ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूस दिल्या. रोख रक्कम कांहीं हजार डॉलरांपलीकडे नव्हती. तिच्या जोडीला दोन नवे अमेरिकन रेफ्रिजरेटर. युद्धानें खंगलेल्या फ्रान्समध्यें थंड कपाट दुर्मिळ होतें. अडगळींतील अवाढव्य मोटारीपेक्षां घरांत त्याचीच निकड अधिक. या व्यवहाराला कोणी आज हंसेल. त्या वेळीं तो शहाणपणाचाच होता.

दुर्मिळतेनें किंमत चढते, हें खरें. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं, कारण रॉयाल उरल्या सहा, आणि सहाहि सारख्याच दुर्मिळ. जुन्या गाडीचा जाणता ग्राहक आणखी एक गोष्ट पाहतो. त्या काळीं कारखाना सांगाडा व इंजिन देई. वरचें शरीर निराळे कारागीर घडवीत. ऑलिंपियाच्या गाडीचें शरीर पॅरिसच्या केलनर या जुन्या बग्गीकारांनीं केलें होतें. म्हणून तपासणी दुहेरी होते. सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक कागदोपत्रीं जुळतो कीं नाहीं? आणि वरचें शरीर पहिलेंच आहे, कीं मागाहून चढविलेलें? रॉयालपैकीं एकीचें मूळ उघडें शरीर काढून टाकून दुसरें बसविलें गेलें, आणि तें पहिलें कायमचें नाहींसें झालें. केलनरच्या गाडीवर ही पाळी आली नाहीं. कारखाना, कुटुंब, कनिंगहॅम अशी तिची मालकीची सांखळीहि स्वच्छ होती. १९८७ सालीं पैसे पडले ते या अखंडपणाचे.

या कसोटीला एक अडचण आहे. योसेफ फुक्स नांवाच्या जर्मन डॉक्टरनें घेतलेली रॉयाल शांघायमार्गें न्यूयॉर्कला पोंचली. तेथील थंडींत पाणी गोठून तिचें इंजिन तडकलें, आणि गाडी भंगारांत गेली. १९४६ सालीं ब्यूइक कंपनीचे मुख्य इंजिनिअर चार्ल्स चेन यांनीं ती तेथून उचलली. त्यांनीं ती दुरुस्त केली, पण आपल्या मतानें: एका कार्ब्युरेटरच्या जागीं चार बसविले, आणि काळापिवळा रंग जाऊन पांढरा आला. आजचा पारखी या फेरफारांबद्दल नाक मुरडील. तथापि चेन यांनीं हात घातला नसता, तर नाक मुरडावयास गाडीच उरली नसती.

केलनरची गाडी १९९० मध्यें आणखी चढ्या किमतीस जपानमधील एका कंपनीकडे गेली. चेन यांनीं आपली गाडी डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयास देऊन टाकली. ती तेथें आहे, विकाऊ नाहीं.