कॅमेऱ्याच्या अंतरंगाचे वाचक

२००८ सालच्या सप्टेंबरात कॅनन कंपनीने ‘ईओएस ५डी मार्क २’ हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा स्थिरचित्रण हेच त्याचे मुख्य प्रयोजन होते आणि चलच्चित्रण ही त्याला जोडलेली एक पुरवणी होती. पण या २१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा असल्यामुळे, अंधुक प्रकाशातही स्वच्छ दिसणारे आणि नायकाच्या चेहऱ्यामागचे जग मृदू धूसर करून टाकणारे जे चित्र तोवर अतिशय महागड्या सिनेकॅमेऱ्यांची मिरास मानले जाई, ते या पुरवणीतून अकस्मात सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आले. व्हिन्सेंट लाफोरे या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये त्यावर चित्रित केलेला ‘रेव्हरी’ हा लघुपट पाहून जगभरच्या होतकरू दिग्दर्शकांच्या मनात जी खळबळ उडाली, ती सकारण होती.

मात्र कॅमेरा हाती घेतलेल्या मंडळींना लवकरच त्याची दुसरी बाजू कळून आली. चित्रण सुरू होताच ॲपर्चर, शटर आणि आयएसओ या तिन्हींचा अखत्यार कॅमेरा स्वतःकडे घेई. सिनेमाचा प्रघात सेकंदाला २४ चौकटींचा असता हा ३० चौकटींवाचून दुसरी गती जाणत नसे. आणि पात्र बोलायचे थांबले की ध्वनीची पातळी आपोआप चढवून खोलीतल्या पंख्याची घरघर संवादाइतकी मोठी करून ठेवी. कोणी निकॉनची जुनी भिंगे अडॅप्टर लावून बसवू लागले, कारण त्यांच्या ॲपर्चरची कडी हाताने फिरते आणि कॅमेऱ्याला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. कोणी कॅननचेच भिंग जागेवर किंचित सैल फिरवून त्याचा विद्युत्संपर्क तोडीत. हे उपाय चालत, पण ज्या यंत्राच्या अंगी सामर्थ्य आहे त्याला केवळ मुभा नसल्यामुळे असे वळसे घालावे लागावेत, ही गोष्ट जाणत्यांना सलत होती.

ही मुभा देणारा वा नाकारणारा अधिकारी म्हणजे फर्मवेअर. कॅमेऱ्याच्या स्मृतीत कायम वस्तीला असलेला हा आज्ञासंग्रह कोणते बटण दाबल्यावर काय घडावे, सेन्सरकडून आलेली माहिती कोठे ठेवावी आणि पडद्यावर काय दाखवावे, हे सारे ठरवितो. कॅननच्या त्या पिढीतील कॅमेऱ्यांत हा कारभार ‘ड्रायओएस’ नावाच्या कंपनीच्याच घडणीच्या प्रणालीवर चाले, आणि त्याचा मूळ लेख कंपनीबाहेर कोणाच्याही दृष्टीस पडत नसे. चित्रपटनिर्मितीत रस असलेले अमेरिकन संगणकतज्ज्ञ ट्रॅमेल हडसन यांनी २००९ साली या बंद दप्तराला हात घातला, तो प्रथम ध्वनीच्या तक्रारीपायी. ५डी मार्क २ मध्ये ध्वनीचे काम ‘एके४६४६’ नावाची चिप करते. ती स्वयंचलित चढउतार बंद करण्याची आज्ञा मानावयास मुळातच तयार होती. तशी आज्ञा देण्याची सोय तेवढी कॅननने ठेवली नव्हती. हडसन यांनी ती सोय केली, पडद्यावर ध्वनीची पातळी दाखविणारे पट्टे आणले, जास्त प्रकाशाने करपणारे भाग रेषांनी दाखविणारा ‘झेब्रा’ आणला, आणि या साऱ्याला ‘मॅजिक लँटर्न’ हे नाव दिले. काचेवरील चित्रे दिव्याने पडद्यावर पाडून हलती भासविणाऱ्या ज्या यंत्रावरून हे नाव घेतले, त्याचे खेळ कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून महाराष्ट्राला दाखवीत आले होते, हे वाचकांना स्मरत असेलच.

बंद फर्मवेअर वाचावयाचे कसे, हा या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. मॅजिक लँटर्नच्या आधी कॅननच्या छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांसाठी ‘सीएचडीके’ नावाने असाच उद्योग चालू झाला होता, आणि त्या मंडळींपुढचा पहिला प्रश्न हा, की आतला मजकूर बाहेर आणावा कोणत्या वाटेने. वाट सापडली ती कॅमेऱ्यावरच्या मिणमिणत्या दिव्यातून. एक लहानसा प्रोग्रॅम कॅमेऱ्यात चालवून त्यांनी तो दिवा स्मृतीतल्या प्रत्येक बिटाप्रमाणे लुकलुकत ठेवला. दिव्यासमोर प्रकाश टिपणारा घटक बसवून त्याची तार संगणकाच्या ध्वनी-कार्डात घातली. आणि उघडझापीच्या त्या ध्वनिमुद्रणावरून अक्षरन् अक्षर जुळवीत सारा मजकूर पुन्हा उभा केला. कित्येक तास लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर बसून काही मेगाबाइटांचा ग्रंथ उतरवून घेणाऱ्या या चिकाटीपुढे कोणीही नम्र व्हावे.

ग्रंथ हाती आला तरी तो वाचता येतो असे नाही. हाती असतात त्या प्रोसेसरला कळणाऱ्या लक्षावधी आज्ञा, ज्यांना ना शीर्षक ना परिच्छेद; शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून सलग लिहिलेले मोडीचे रुमाल सोडवून त्यांतून एखाद्या घराण्याचा वृत्तान्त काढणाऱ्या संशोधकालाच या कामाची जात ओळखता येईल. त्या संशोधकाला जशी एखादी तारीख वा शिक्का आधाराला मिळतो, तसा येथे आधार मिळाला तो कॅननच्याच अभियंत्यांनी दोष शोधण्याच्या सोयीसाठी मागे ठेवलेल्या लहान लहान संदेशांचा. ‘अमुक कार्य सुरू झाले’ अशा आशयाचा संदेश जेथे सापडे, तेथील आज्ञांचे प्रयोजन उघड होई, आणि त्या एका ओळखीच्या ठिकाणावरून शेजारच्या दहा अनोळखी ठिकाणांचा माग लागे. प्रत्येक मॉडेलसाठी, आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक फर्मवेअर आवृत्तीसाठी, या ठिकाणांचे पत्ते निराळे. म्हणून प्रत्येक नव्या कॅमेऱ्यासाठी ही बखर नव्याने लिहावी लागे.

इतके हाती आल्यावर कंपनीचे फर्मवेअर पुसून आपले भरण्याचा मोह कोणालाही झाला असता. मॅजिक लँटर्नने तो टाळला, आणि तेथेच त्याचे खरे शहाणपण दिसते. कॅमेऱ्याच्या स्थायी स्मृतीत केवळ एक खूण बदलली जाते: सुरू होताना मेमरी कार्डावर काही आहे का ते पाहावे, एवढीच. कार्डावर मॅजिक लँटर्नची फाइल असली, की ती तात्पुरत्या स्मृतीत शिरते, कॅननच्या आज्ञांपैकी मोजक्या ठिकाणी आपला पत्ता घालते आणि मग कॅननचाच कारभार सुरू करून देऊन त्याच्या जोडीने चालू लागते. सुरू करताना ‘सेट’ बटण दाबून धरले तर ती आत येतच नाही. ती लावलेले कार्ड काढून साधे घातले तर कॅमेरा दुकानातून आणल्यासारखा वागतो. तिचा मेन्यू उघडतो तो केराच्या टोपलीचे चिन्ह असलेल्या बटणाने, कारण चित्रणाच्या वेळी त्या बटणाला दुसरे काम नसते. वॉरंटी जाण्याची शक्यता, कॅमेरा मध्येच गोठण्याची शक्यता, या गोष्टी कर्त्यांनी कधी लपविल्या नाहीत. जोखीम वापरणाऱ्याची, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले.

कॅननने स्वतःही या काळात पाऊल उचलले. २००९ च्या जूनमध्ये ॲपर्चर, शटर व आयएसओ हाताने ठरविण्याची आणि २०१० च्या मार्चमध्ये २४ व २५ चौकटींची तरतूद कंपनीने अधिकृत फर्मवेअरमधून दिली, आणि त्याच वर्षी ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अंतिम भाग या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आपल्याकडे मुंबईत अमोल गुप्ते यांच्या ‘स्टॅन्ली का डब्बा’साठी छायाचित्रकार अमोल गोळे यांनी कॅननचाच ७डी वापरला, शाळकरी मुलांना बिचकवणारा लवाजमा न मांडता चित्रण करता आले, ते कॅमेऱ्याच्या या नव्या जातीमुळे.

पण मॅजिक लँटर्नच्या हौशी मंडळींनी २०१३ च्या मे महिन्यात जे साधले, त्याची तरतूद कोणत्याही अधिकृत आवृत्तीत होणे नव्हते. कॅमेरा नेहमी चलच्चित्र साठवितो ते आवळून: रंगाची पुष्कळशी माहिती टाकून आणि प्रत्येक छटेला ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांत बसवून. भिंगासमोरचे दृश्य पडद्यावर दाखविण्याच्या क्रमात सेन्सरची न आवळलेली, म्हणजे ‘रॉ’, १४ बिटांची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची माहिती क्षणभर स्मृतीत येते आणि लगेच पुसली जाते, हे मॅजिक लँटर्नच्या वाचकांनी हेरले. आणि पुसण्यापूर्वी ती तशीच्या तशी कार्डावर उतरवता येईल काय, असा प्रश्न त्यांनी केला. हिशेब छाती दडपविणारा होता. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकी १४ बिट, सेकंदाला २४ चौकटी: म्हणजे दर सेकंदास सुमारे ८७ मेगाबाइट, दर मिनिटास पाच गिगाबाइटांहून अधिक. कॅननच्या सर्वोत्तम अधिकृत नोंदीला सेकंदास ११ मेगाबाइटांच्या आसपास पुरत. तरीही ५डी मार्क ३ या पुढच्या मॉडेलची कार्ड लिहिणारी यंत्रणा, अतिवेगवान कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घातल्यास, हा ओघ पेलू शकली. एसडी कार्डावर चालणाऱ्या ५५०डी, ६००डी सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांची धाव सेकंदाला २० मेगाबाइटांच्या घरात संपे, त्यामुळे त्यांच्या मालकांना लहान चौकट किंवा मोजक्या सेकंदांचे चित्रण यांवर भागवावे लागले.

फलित डोळ्यांना दिसणारे होते. केसांची बट, विटांचे पोत, खिडकीबाहेरच्या आकाशातले ढग, जे आवळलेल्या चित्रात लोण्यासारखे वितळून जात, ते आता जागच्या जागी उभे राहिले. श्रमही तसेच वाढले: प्रत्येक चौकट हे एक स्वतंत्र छायाचित्र, ते संगणकावर विकसित करावयाचे, रंग स्वतः ठरवावयाचा, आणि आरंभीच्या आवृत्त्यांत ध्वनी वेगळा मुद्रित करून मागाहून जुळवावयाचा. फिल्म धुऊन घेणाऱ्या पिढीला हे कष्ट अपरिचित वाटले नसते.

त्याच वर्षी ‘ड्युअल आयएसओ’ ही युक्ती आली, आणि माझ्या मते बुद्धिमत्तेच्या दृष्टीने ती रॉ चित्रणाहूनही वरचढ आहे. सेन्सरच्या ओळी वाचताना त्यांना द्यावयाचे विद्युत्-वर्धन ओळीगणिक वेगळे ठेवता येते, असे आढळल्यावर या मंडळींनी दोन ओळी १०० आयएसओने आणि पुढच्या दोन १६०० ने वाचण्याची योजना केली. पहिल्या जोडीत उजेडाचे भाग शाबूत राहतात, दुसरीत सावल्यांतले तपशील गोंगाटाविना मिळतात, आणि संगणकावर दोहोंचा मेळ घातला की प्रकाशाच्या पल्ल्यात जवळजवळ तीन स्टॉपांची (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) भर पडते. अतिउजळ व अतिगडद भागांत उभ्या दिशेची निम्मी सूक्ष्मता गमवावी लागते, कडांवर दातेरी रेघा उमटू शकतात. हा मोबदला कर्त्यांनीच मांडून दाखविला. ज्यांनी तो सेन्सर निर्माण केला नाही, ज्यांच्यापाशी त्याचा एकही अधिकृत नकाशा नव्हता, त्यांनी तो इतका जाणावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पॅनासॉनिकच्या जीएच१ आणि जीएच२ कॅमेऱ्यांवर हाच छंद निराळ्या रीतीने फळला. व्हिताली किसेलेव्ह यांच्या ‘पीटूल’ या साधनाने तेथे फर्मवेअरच बदलून चित्राला मिळणारा बिटांचा वाटा कित्येक पटींनी वाढविता येई. शेन कॅरथ यांचा २०१३ साली सनडान्स महोत्सवात दाखविला गेलेला ‘अपस्ट्रीम कलर’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट अशा बदललेल्या जीएच२ वर चित्रित झाला.

कंपन्यांचा याला आक्षेप असू शकतो, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. बिघडलेल्या कॅमेऱ्याची तक्रार शेवटी त्यांच्याच दारी येते. पण २०१२ साली कॅननने १डी एक्स या कॅमेऱ्याचाच चलच्चित्रणासाठी घडविलेला भाऊ १डी सी हा १५,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त किमतीस विकावयास काढला, तेव्हा सामर्थ्याचे वाटप तंत्राइतकेच बाजाराच्या सोयीनेही होते, हे उघड झाले. मॅजिक लँटर्नच्या मंडळींनी १डी मालिकेला हात लावला नाही. ज्यांनी कमी किमतीचा कॅमेरा घेतला, त्यांना त्याचे संपूर्ण माप मिळावे एवढेच त्यांनी पाहिले, आणि केलेले काम जीपीएल परवान्याखाली सर्वांस खुले ठेवले. विकत घेतलेल्या वस्तूला समजून घेण्याचा मालकाचा हक्क मी निर्विवाद मानतो, आणि तो बजावताना वस्तूची मूळ घडण अबाधित ठेवण्याचा त्यांचा विवेक त्या हक्काला शोभणारा आहे.

पुढे कॅमेरे बदलले, प्रोसेसर बदलले, जुन्या बखरी नव्या यंत्रांना लागू पडेनात, आणि मुख्य कर्त्यांच्या दूर होण्याने काम काही वर्षे मंदावले. २०२५ मध्ये नव्या मंडळींनी ते पुन्हा उभे करून नवी आवृत्ती काढली आहे. दरम्यान बाजारात जुन्या ५डी मार्क ३ ची किंमत उतरत गेली, आणि तो घेणारा विद्यार्थी वेगवान कार्डाची भर घालून १४ बिटांचे रॉ चित्रण आजही करू शकतो.