घरचं यंत्र, भाग ६ : ‘ट’ कुठं गेला?

गेल्या आठवड्यात टॅब्लेटच्या पडद्याबद्दल लिहिलं, आणि लगेच दहिवलीच्या बाजारात दोघातिघांनी थांबवून एकच विचारलं : पडद्यावर बोट आपटून चार ओळींच्या पुढे लिहिवत नाही, वेगळा कीबोर्ड घ्यायचा तर कोणता घ्यावा? म्हणून ठरवलेला विषय पुढे ढकलून हा भाग कीबोर्डावर.

भाचीची गोष्ट आधी सांगते. माथेरानच्या छोट्या गाडीवर तिला कॉलेजसाठी प्रकल्प लिहायचा होता. नेरळहून १९०७ साली सुरू झालेली ती गाडी, तिची वळणं, तिची स्टेशनं. टॅब्लेटला जोडायचा घडीचा कीबोर्ड तिने ऑनलाइन मागवला. दिसायला सुरेख, वजनाला हलका. जून अर्धा सरला होता, बाहेर धो धो पाऊस, आणि ती माझ्याकडे ओटीवर बसून टाइप करत होती. जुम्मापट्टीपाशी येऊन अडली. “आत्या, ट कुठं गेला?”

‘ट’ खरंच जागेवर नव्हता. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘ट’ असतो अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर, म्हणजे उजव्या करंगळीच्या शेजारी, एंटरच्या अलीकडे. कीबोर्ड छोटा करताना बनवणाऱ्याने ती कळ उचलून दुसऱ्या कळीच्या पोटात घातली होती. एफएन दाबून धरायचं, मग ती दुसरी कळ, तेव्हा ‘ट’ उमटणार. जुम्मापट्टीत ‘ट’ दोनदा येतो.

कीबोर्डांबद्दल जे काही छापून येतं, त्यात हे सापडत नाही. तिथे लिहिलेलं असतं की कडेच्या विरामचिन्हांच्या कळा जरा अरुंद आहेत, बाकी उत्तम. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते पुरतं. आपल्यासाठी त्या कळा विरामचिन्हांच्या नाहीतच. सेमीकोलनवर ‘च’, अपॉस्ट्रॉफीवर ‘ट’, चौकटी कंसावर ‘ड’, प्रश्नचिन्हाच्या कळीवर ‘य’. उलट्या तिरप्या रेषेच्या कळीवर ‘ॉ’, म्हणजे डॉक्टर आणि कॉलेज. बरोबरच्या चिन्हावर ‘ृ’, म्हणजे कृषी. इंग्रजीची अक्षरं सव्वीस, ती मधल्या तीन ओळींत मावतात. आपली मावत नाहीत, म्हणून ती कडेपर्यंत पसरलेली आहेत. कीबोर्डाची कड कापली की मराठीची अक्षरं कापली जातात. आपला चार फाटा लिहायचा तर ‘च’ही कडेचा आणि ‘ट’ही कडेचा.

तेव्हा पहिली परीक्षा उजव्या कडेची. ‘पी’च्या पुढे तीन पूर्ण कळा हव्यात, ‘एल’च्या पुढे दोन, ‘एम’च्या पुढे तीन, आणि सगळ्या इतर अक्षरांइतक्याच रुंद. आकड्यांची ओळही वेगळी हवी, कारण शिफ्टसह तिथे ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ बसलेले असतात. बाजूचा आकड्यांचा चौकोन मात्र नसला तरी चालेल. ज्यांना रोज हिशेब मांडायचे असतात त्यांनीच तो घ्यावा.

दुसरी परीक्षा शिफ्टची, आणि ही मला त्याहून महत्त्वाची वाटते. इन्स्क्रिप्टची रचना फार विचाराने केलेली आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती प्रमाण म्हणून पुढे आणली. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. अल्पप्राण अक्षर साध्या कळीवर, त्याचाच महाप्राण शिफ्टसह त्याच कळीवर : क-ख, ग-घ, त-थ, प-फ. एकदा ‘क’ कुठे आहे ते कळलं की ‘ख’ शोधावा लागत नाही. पण त्यामुळे शिफ्टला मराठीत जेवढं काम पडतं तेवढं इंग्रजीत कधीच पडत नाही. तिकडे वाक्याच्या सुरुवातीला एकदा दाबायची. आपल्याकडे शिफ्ट नीट लागली नाही तर खालापूरचं कालापूर होतं, माथेरानचं मातेरान, नेरळचं नेरल. ‘आई’ लिहिताना दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागते.

दऱ्या आणि दर्या हे दोन शब्द घ्या. दऱ्या इथल्या, सह्याद्रीच्या. दर्या पलीकडचा, अलिबागचा. दोन्हींत कळा त्याच आणि त्याच क्रमाने : द, र, पाय मोडायची कळ, य, काना. फरक एवढाच की दऱ्यामध्ये ‘र’ शिफ्टसह दाबायचा. सुऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्या, कोपऱ्यात, सगळीकडे तोच. हा ‘ऱ्य’ आपल्या भाषेचा खास आहे, आणि तो एका शिफ्टवर उभा आहे.

स्वर डाव्या हाताचे, म्हणून त्यांना शिफ्ट उजवी. टॅब्लेटच्या कीबोर्डात नेमकी उजवी शिफ्ट आखूड करतात आणि तिच्या जागी वरच्या बाणाची कळ कोंबतात. करंगळी बाणावर पडते, कर्सर उडी मारून वरच्या ओळीत जातो आणि ‘आ’ भलत्याच शब्दात घुसतो. दोन्ही शिफ्ट एका सामान्य कळीच्या दीडपट तरी रुंद हव्यात. कुणी लंडनहून कीबोर्ड आणून देणार असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा : तिकडच्या मांडणीत डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या व ‘झेड’च्या मध्ये एक जास्तीची कळ असते. ‘ळ’साठी डावी शिफ्ट दाबायला गेलेली करंगळी त्या कळीवर जाते. आपल्याकडे मिळतात ते बहुतेक अमेरिकी मांडणीचे, त्यात ही अडचण येत नाही.

कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी बिघडत नाही. अक्षर कोणतं उमटायचं ते कॉम्प्युटरच्या आत ठरतं, कळीवरच्या छापावर नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट मिळतं, वेगळं विकत काही घ्यावं लागत नाही. टॅब्लेटचं मात्र आधी तपासा. पडद्यावरच्या कीबोर्डात मराठी आहे म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डालाही ती मिळेलच असं नाही. सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डाची मांडणी वेगळी निवडावी लागते. तिथे मराठी किंवा निदान देवनागरी दिसली तरच पैसे मोजा. चिकटवायची अक्षरं मिळतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्या कडा सुटतात आणि बोटांना चिकटतात. त्यापेक्षा मांडणीचा कागद समोरच्या भिंतीवर लावा. महिनाभरात तो लागेनासा होतो.

ज्यांची बोटं जुन्या टंकयंत्रावर तयार झाली आहेत त्यांचं वेगळं. गोदरेजची ती धिप्पाड यंत्रं २००९ च्या सुमारास बनायची थांबली, पण त्यांची रेमिंग्टन मांडणी कितीतरी हातांत जिवंत आहे. त्यात वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर, कागदावर दिसतं त्या क्रमाने. इन्स्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी, तोंडाने उच्चारतो त्या क्रमाने. ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसलाय त्यांनी चालू कामाच्या धांदलीत तो मोडू नये. लिपिकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी आपल्या टायपिंग क्लासमध्ये कोणती मांडणी शिकवतात ते आधी विचारावं आणि सराव तिच्यावरच करावा. मिनिटाला तीस शब्दांचा मराठी वेग दोन मांडण्यांत पाय ठेवून येत नाही. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना कोणताही कीबोर्ड चालतो, पण रोज पानं भरायची असतील तर त्यांनीही एकदा इन्स्क्रिप्ट शिकून पाहावं. ‘दहिवली’ रोमनमध्ये आठ कळांचं होतं, इन्स्क्रिप्टमध्ये सहा.

आता वस्तूबद्दल. स्वस्त कीबोर्डात कळीखाली रबराची टोपी असते, लॅपटॉपसारख्या चपट्या कीबोर्डात कात्रीसारखी फुली, आणि महागात प्रत्येक कळीला स्प्रिंगचा स्वतंत्र खटका. खटक्याची कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर अर्ध्या वाटेवरच उमटतं, त्यामुळे बोट तळावर आदळावं लागत नाही. दिवसभर टाइप करणाऱ्यांनी याच्यावर जरूर खर्च करावा. त्यात निळ्या रंगाचे खटके कडकड वाजतात. एका खोलीत घरचे झोपले असतील तर तपकिरी किंवा लाल घ्या. आठवड्यातून दोन अर्ज आणि चार पत्रं एवढंच काम असेल तर वायरचा साधा रबरी कीबोर्ड पुष्कळ झाला. माझ्याकडे दोन्ही आहेत. पावसाळ्यात मी रबरीच काढते, कारण त्याच्या आतला पातळ पडदा बंदिस्त असतो आणि ओल लगेच आत शिरत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग खटक्यांच्या धातूच्या पात्यांनी किती सोसावं? काम झालं की वर सुती पंचा टाकायचा आणि जवळ खाऊ ठेवायचा नाही. मुंग्या कळांखाली घर करतात, हे मी पाहिलंय.

ब्लूटूथ की वायर? टेबलावर वायर. ती चार्ज करावी लागत नाही आणि कामाच्या मध्येच जोडणी तुटत नाही. टॅब्लेटला वायरचा कीबोर्डही ओटीजीच्या छोट्या जोडणीने लागतो. प्रवासासाठी ब्लूटूथ ठीक, पण कर्जत लोकलमध्ये मांडीवर लिहिणाऱ्यांनी मागे टेकू असलेलं कव्हर घेऊ नये. तो टेकू मांडीवर उभा राहत नाही. बिजागरी असलेला कीबोर्ड घ्यावा.

दुकानात जाताना खिशात एक पट्टी ठेवा. ‘क्यू’च्या डाव्या कडेपासून ‘पी’च्या उजव्या कडेपर्यंत मोजा. साधारण एकोणीस सेंटिमीटर भरलं तर कळा पूर्ण आकाराच्या आहेत. सतराच्या खाली गेलं तर मोठ्या माणसाच्या हातांना तो रोजच्या कामाला नको. मग दुकानदाराला सांगा की हा जोडून दाखवा, आणि ‘जुम्मापट्टीच्या दऱ्या’ लिहून पाहा. त्यात कडेचा ‘ट’ आहे, ‘च’ आहे, ‘य’ आहे, आणि शिफ्टचा ‘ऱ’ही आहे. भाचीने तिचा घडीचा कीबोर्ड परत पाठवला आणि कल्याणला जाऊन असाच लिहून पाहून दुसरा आणला. वजनाने दुप्पट आहे. प्रकल्प तिने त्याच्यावरच पुरा केला, चोवीस पानं.

पुढच्या आठवड्यात फॉन्ट : जुन्या फाइली उघडल्यावर मराठीच्या जागी चौकोन का दिसतात, आणि त्या वाचवायच्या कशा.