गाडीच्या काचेची फिल्म : रंगावर जाऊ नका

उन्हाळा आला की आपले व्यापारी बांधव गाडीच्या काचांना फिल्म लावून घेतात. कुणाला घरच्या बायकांसाठी पडदा हवा असतो, तर कुणाला गाडीतल्या ताग्यांचा रंग उडण्याची धास्ती. दुकानदार सांगतो, ‘जितकी काळी, तितकी थंड.’ हे खरे नाही. रंग उडवणारे अतिनील किरण पारदर्शक फिल्मही अडवू शकते. उन्हाची जवळजवळ निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. ती अडवायला काळा रंग लागत नाही.

आता कायदा पाहा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियम सुधारले. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने टक्केवारी पाळणारी, प्रमाणित फिल्म चालेल असा निर्णय दिला. तरी इतर राज्यांत पोलीस २०१२ च्या निकालावर बोट ठेवू शकतात. म्हणून आधी वाहतूक शाखेत चौकशी करावी.

खरी मेख हिशेबात आहे. काच ७० टक्के प्रकाश सोडते आणि फिल्मही ७० टक्के; दोन्ही मिळून आत येतो फक्त ४९ टक्के. म्हणजे बाजूची काचही नापास! फिल्म बसवणाऱ्या कारागीर बांधवांनी हा हिशेब गिऱ्हाइकाला आधीच सांगावा आणि पावतीवर टक्केवारी लिहून द्यावी. माप चोख असेल तरच धंद्यात बरकत राहते.