हॉपची वेल आणि आपला दिवस

2021 साली एक बातमी सर्वत्र झळकली. बिहारातील औरंगाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याने म्हणे किलोला लाख रुपये भावाची भाजी पिकवली, आणि ती भाजी म्हणजे हॉपचे कोवळे कोंब. चौकशी झाली तेव्हा शेतात हॉप मुळी नव्हतेच. पण बातमी जितकी लांब गेली तितका तिचा खुलासा गेला नाही. शिरूर-दौंडकडची हौशी मंडळी आम्हांला अजून विचारतात, "आमच्याकडे ही वेल येईल का हो?" कोणाला भाजी हवी असते, कोणाला घरच्या बिअरसाठी फुले. पदरचे पैसे घालण्यापूर्वी त्या वेलीचा स्वभाव ओळखून घेतलेला बरा.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल, परंतु तिला भांगेची नशा नाही. पान द्राक्षाच्या पानासारखे. पपईप्रमाणे हिच्यातही नर आणि मादी झाडे निराळी असतात, आणि उपयोग फक्त मादीचा. हळदीसारखे जमिनीतले खोड तोडून लावतात. त्यातून दरवर्षी नवे वेल फुटतात, एका हंगामात 15-20 फूट चढतात आणि थंडीत वाळून जातात. जमिनीतले खोड मात्र वर्षानुवर्षे जिवंत राहते.

मादीवेलीला हिरवट, शंकूच्या आकाराचा फुलोरा येतो. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते; तिला लुप्युलिन म्हणतात. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोड काढ्यात हा फुलोरा तासभर उकळला की त्याचा कडवटपणा काढ्यात उतरतो. नुसता भिजवून तो तितका उतरत नाही. कडूपणा चवीसाठी तर खराच, पण दुधाचे दही लावणाऱ्या जिवाणूंचे जे भाऊबंद बिअर आंबट करतात, त्यांनाही तो आवरतो. म्हणूनच केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रजी बिअरमध्ये हॉप सढळ हाताने घालीत. शिरूरला घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती, तो हाच काळ.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे ऊन फार, म्हणून हॉप येत नाही, असे पुष्कळजण सांगतात. कोणी थंडी कमी पडते म्हणतात. ऊन त्रास देते हे खरे. परंतु खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. शेवंतीचे उदाहरण घ्या. रात्री मोठ्या झाल्या की शेवंती फुलते. फुले लांबवायची असली तर बागाईतदार रात्री शेतात दिवे लावतात. हॉपचेही तसेच. दिवस मोठा असेतो ती नुसती वाढते, लहान होऊ लागला की फुलते. जर्मनीच्या हालरटाऊ भागात जूनचा दिवस 16 तासांहून मोठा असतो. वेल तारेच्या टोकाला पोहोचते आणि मग फुलते. शिरूर-दौंडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. इथे वेलीला पहिल्यापासूनच वाटते की फुलण्याची वेळ आली. ती तीन-चार हात वाढते न वाढते तोच चार फुले टाकून थांबते. माळ्याची निगा कमी पडली असे नव्हे. भारतात हॉप काश्मीर आणि हिमाचलातील लाहौल येथे घेतले गेले, ते काही उगाच नव्हे.

थंडीवाचून वेल नीट फुलत नाही, ही समजूत मात्र डळमळली आहे. 2019 साली कोलोरॅडो येथील संशोधनात, प्रकाशाची वेळ सांभाळली तर थंडीवाचूनही हॉप फुलते, असे दिसून आले. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज गावाजवळ तर दिवस अपुरा पडतो म्हणून मळ्यांत दिवे लावीत. पुढे लहान दिवसाला जुळणारे वाण निघाले.

तेव्हा गच्चीवर प्रयोग करायचाच असेल तर मोठ्या कुंडीत एकदोन वेल लावावे, संध्याकाळनंतर मंद दिवा ठेवून दिवस 16-17 तासांचा करावा, आणि वेल पुरेशी चढली की दिवा काढून घ्यावा. आमच्या मते सुरुवात पावसाळा सरल्यावर करावी. पावसात केवडा पडतो, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाल कोळी पाने खातो. पाणी भरपूर लागते. दौंडच्या कालव्याकाठी एक वेळ ते निभेल. शिरूरच्या कोरड्या बाजूला एकराने लावण्याचा विचार कोणी करू नये.

परदेशी असलेल्या मुलाने सुटीवर येताना सामानात हॉपची मुळे आणावीत, असा बेत एका गृहस्थांनी आमच्याजवळ बोलून दाखविला. तसे करू नये. आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला यांवाचून रोपे आणण्यास मनाई आहे, कारण मुळांबरोबर रोगही येतो. वेल लावायला 1949 च्या दारूबंदी कायद्याची आडकाठी नाही. मात्र परवान्यावाचून घरी बिअर करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. मग फुलांचे काय करायचे? युरोपात पूर्वीपासून वाळलेली फुले उशीत भरतात. झोप चांगली लागते म्हणतात. एका कुंडीच्या पिकात एवढी एक उशी भरली तरी पुष्कळ झाले.