पाणीगेटच्या गच्चीवरचा झेला

पाऊस उघडल्यावर सप्टेंबरातल्या एखाद्या धुतल्या सकाळी आमच्या बडोद्यातल्या पाणीगेटच्या गच्चीवरून ईशान्येला पावागड दिसतो. नव्या इमारतींनी त्याचा निम्मा भाग गिळला आहे, उरलेला निम्मा मी हट्टाने बघतो. त्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, एक लांब बांबू उभा आहे. टोकाला लोखंडी कडं, कड्याला पातं, खाली जाळीची झोळी. शेजारचे काका दर वर्षी विचारतात, "आ शुं छे, भाई?" मी दर वर्षी सांगतो, झेला. आंबे काढायचा. काका आमच्या गल्लीकडे एकवार नजर टाकतात. गल्लीत आंब्याचं एकही झाड नाही.

हा झेला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. डोंगरातल्या माणसांसाठी विद्यापीठांनी काय काय केलं ते शोधत फिरायचं मला वीसेक वर्षांचं खूळ आहे. बायको याला 'तुमची तीर्थयात्रा' म्हणते.

रीत म्हणून थोडा इतिहास उरकतो. बडोद्याला या बाबतीत मान वर करून बोलायचा हक्क आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. कारागिराच्या पोराला त्याच्या भाषेत तंत्र शिकवायचं, हा त्यामागचा ध्यास. दादासाहेब फाळके इथेच शिकले. पुढे ते कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात विरघळलं. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं झाली, राहुरीचं १९६८ मध्ये, अकोल्याचं १९६९ मध्ये, परभणीचं आणि दापोलीचं १९७२ मध्ये. आयआयटी मुंबईत १९८५ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र निघालं. त्याचे विद्यार्थी कर्जत-मोखाड्याच्या वाड्यांत पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडत हिंडले. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये उभ्या केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली. आणि आमच्या बाजूला डांगमध्ये वघईला कृषी विद्यापीठाचं नागलीवरचं संशोधन केंद्र आहे. सापुताऱ्याला जाताना मी तिथे थांबतो आणि मंडळी गाडीत बसून हॉर्न वाजवतात. झाला इतिहास.

आता झेला. कोकणात झेला पूर्वापार होताच. काठी, कडं, काथ्याची झोळी. आंबा झोळीत घ्यायचा आणि हिसका द्यायचा. त्या हिसक्यातच सगळी गोम आहे. आंबा देठाच्या मुळाशी तुटतो, तिथून चीक उसळतो आणि सालीवर ओघळतो. तो जिथे लागतो तिथे साल भाजल्यासारखी काळी पडते, आणि देठाच्या उघड्या जखमेतून कुज आत शिरते. हापूस पेटीत घातला तेव्हा सोन्यासारखा, उघडला तेव्हा डागाळलेला. मुंबईचा दलाल डाग दाखवूनच भाव पाडतो. दापोलीच्या माणसांनी कड्याच्या तोंडाशी पातं बसवलं. देठ पात्यात अडकवायचा, काठी खाली ओढायची, देठासकट आंबा झोळीत. चीक देठातच राहतो. याला 'नूतन झेला' म्हणतात. बदल इतकाच, एक पातं. पण ते पातं सुचायला कुणीतरी झाडाखाली उभं राहून मान दुखेस्तोवर वर बघत बसलं असणार.

मी पहिल्यांदा हातात घेतला तो दापोलीजवळ माझ्या आतेभावाच्या कलमांच्या बागेत. पहिल्या अर्ध्या तासात मी चार आंबे खाली पाडले, एक स्वतःच्या खांद्यावर. दादा म्हणाला, "अरे, हिसका देऊ नको. तो जुन्याचा. हा नुसता ओढ." जुना झेला पंचवीस वर्षं वापरलेल्या त्याच्या गड्यालाही सुरुवातीला हाच त्रास झाला होता. हाताला लागलेली सवय मोडायला आठवडा लागला, असं तो सांगत होता. दुपारी उन्हाचा चटका वाढल्यावर काढणी थांबली. आंबा सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर काढायचा, हेही विद्यापीठ सांगतं. दादाचे आजोबाही सांगत.

आंब्याचा विषय निघालाच आहे तर रत्ना आणि सिंधू राहून कसे चालतील! नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोली विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ मध्ये 'रत्ना' दिला. त्यात साका होत नाही. साका म्हणजे हापूसच्या गरातला तो पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग. बाहेरून दिसत नाही, कापल्यावर पाहुण्यांसमोर लाज काढतो. मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये 'सिंधू', कोय कागदासारखी पातळ. मी दोन्ही खाल्लेत. खरं सांगू? साका असला तरी हापूसच. पण हे शास्त्रज्ञांसमोर बोलायचं धाडस मला झालं नाही.

दुसरी लाडकी वस्तू वैभव विळा. हाही दापोलीचाच. आपल्या साध्या विळ्याचं पातं गुळगुळीत, दर थोड्या वेळाने दगडावर घासून धार काढावी लागते. वैभव विळ्याला करवतीसारखे बारीक दाते, वजनाला हलका. कापणाऱ्या बाईने मुठीत भाताचा चूड धरायचा आणि विळा ओढायचा. दाते आपोआप चावत जातात. शिवाय तो जमिनीला लागून चालतो. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात कळली नव्हती, बांधावर बसल्यावर कळली. भाताच्या खोडकिड्याची अळी धसकटात दडून बसते. उंच कापलं तर तिचं घर शेतातच राहतं, जमिनीलगत कापलं तर ती पेंढ्याबरोबर बाहेर जाते. एका विळ्याने कंबरेचे कष्टही थोडे वाचतात आणि पुढच्या हंगामाचा शत्रूही थोडा कमी होतो.

पाणीगेटबाहेर भंगार-लोखंडाच्या दुकानात एकदा असाच दातेरी विळा दिसला. दुकानदार म्हणाला, दातरडुं. मला वाटलं, दाते म्हणून दातरडुं, वा! मी ही व्युत्पत्ती दोन वर्षं सगळ्यांना ऐकवली. शेवटी संस्कृत शिकवणाऱ्या एका मित्राने माझी हवा काढली. शब्द 'दात्र'वरून आला, दात्र म्हणजे कापायचं हत्यार, आणि गुजराती शेतकरी बिनदातांच्या विळ्यालाही दातरडुंच म्हणतो.

या विळ्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. दाते झिजले की दगडावर घासून धार येत नाही, नवा घ्यावा लागतो. जुना विळा गावच्या लोहाराकडे जायचा. दादाच्या वाडीतल्या म्हाताऱ्या लोहाराने मला तो विळा उलटा करून दाखवला आणि नुसतं "ह्यात माजा काय काम?" एवढंच विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी पाहीपर्यंत मला पटलेली नव्हती. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी कोरड्या! उतार तीव्र, जांभा दगड सच्छिद्र. पाणी समुद्राच्या ओढीने धावतं नाहीतर जमिनीत मुरून पार निसटतं. बडोद्यात सयाजीरावांनी आजव्याला तळं बांधून शहराला पाणी पाजलं, तसं डोंगरातल्या पंचवीस घरांच्या वाडीसाठी कोण बांधणार? दापोलीकरांनी काढलेला तोडगा म्हणजे 'कोकण विजय बंधारा'. पाऊस संपला आणि ओढा वाहता असला की त्याच ओढ्यातले दगडगोटे रचून आडवी भिंत घालायची, आणि पाण्याच्या अंगाने प्लास्टिकचा कागद अंथरायचा. सिमेंट नाही, गवंडी नाही.

मी पाहिला तो नोव्हेंबरात. सकाळी आठ वाजता पंधरा-सोळा माणसं ओढ्यात उतरली होती, बायका दगड हातोहात पुढे देत होत्या. सर्वांत अवघड काम दगडांचं नव्हतं, कागदाचं होतं. तळाशी तो मातीत नीट गाडला नाही तर पाणी खालून वाट काढतं. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा एक आजी गुडघाभर पाण्यात बसल्या आणि चिखलाचे गोळे करून कडेला थापत राहिल्या, भाकरी थापावी तशा. दुपारपर्यंत पाणी मांडीला लागलं. पोरांनी उड्या मारल्या, म्हशी आल्या, मग एक म्हातारा काठी घेऊन म्हशींना हाकलायला आला.

दोन वर्षांनी गेलो तर बंधारा घातलेला नव्हता. कागदाचे पैसे कुणी द्यायचे यावर बैठक मोडली होती आणि निम्मी तरणी पोरं मुंबईला गेली होती. दगड ओढ्यात तसेच विखुरले होते. त्यापुढच्या वर्षी मात्र पुन्हा घातला, म्हणे त्या आजींनी ओढ्यात जाऊन एकट्याने दगड लावायला सुरुवात केली, मग बाकीच्यांना बघवेना.

तर आमच्या गच्चीवरचा झेला. तो मी दादाकडून मागून आणला. रेल्वेत टीसीने त्याची लांबी बघून बराच वेळ नियम आठवायचा प्रयत्न केला. इथे आल्यावर तीन महिने तो नुसता उभा होता. मग उत्तरायण आलं. १४ जानेवारीला पाणीगेटच्या आभाळात कापलेले पतंग पावसासारखे खाली येतात, आणि गल्लीतली पोरं काठीला काटेरी फांद्या बांधून धावतात. त्या दिवशी समोरच्या घरातला दहा वर्षांचा पोरगा झेला उचलून गेला. संध्याकाळी त्याने परत आणला तेव्हा झोळीत अकरा पतंग होते, एकही फाटलेला नाही. मांजा पात्यात अडकतो, काठी ओढली की कटतो, पतंग झोळीत.

"काका," तो म्हणाला, "हिसका नहीं मारवानो. खाली खेंचवानुं."