नवे हात आणि जन्मभराच्या गोळ्या

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकातील लोकल अपघातात मोनिका मोरे या तरुणीने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात चेन्नईच्या एका मेंदूमृत दात्याचे हात तिला जोडण्यात आले. मुंबईतील ही अशा प्रकारची पहिलीच शस्त्रक्रिया होती. अशा रुग्णाची दीर्घ कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते.

शरीर परक्या पेशी ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. त्वचेला तर हा विरोध विशेष तीव्र असतो. म्हणून मूत्रपिंड बदललेल्यांप्रमाणेच येथेही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. १९९८ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे हात जोडलेल्या रुग्णाने ती सोडली. २००१ मध्ये तो हात काढून टाकावा लागला. औषधे घेण्याचीही किंमत असते : जंतुसंसर्ग, मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाची हानी, काही कर्करोग.

हे ओझे हलके करण्यासाठी पेशींचाच आधार घेतला जात आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग व जॉन्स हॉपकिन्स येथे दात्याच्या मणक्यांतील अस्थिमज्जा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी रुग्णाला शिरेवाटे देण्यात आली. दात्याच्या पेशींशी परिचय झाला की विरोध मवाळ होईल, ही त्यामागची कल्पना. त्या रुग्णांना अनेक औषधांऐवजी मुख्यतः टॅक्रोलिमस या एकाच औषधावर ठेवता आले. आपल्याकडे अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी पेशी-उपचारांचा मार्ग चोखाळला. तरीही हातांच्या बाबतीत औषधे सर्रास थांबवावीत, इतका भरवसा अद्याप आलेला नाही.

तोवर दक्षता घरच्यांच्या हाती आहे. गोळीची वेळ चुकवू नये. गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी येणारे पपनस टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी टाळावे. त्याने रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते. वेदनाशामके व प्रतिजैविके परस्पर घेऊ नयेत. पावसाळ्यात भातखाचरात अनवाणी उतरू नये. लेप्टोचा धोका अशांना अधिक. ताप आला, किंवा जोडलेल्या हातावर लाल चट्टे उठले, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.

‘स्टेम सेल’च्या जाहिरातींना मात्र भुलू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या विकारांसारख्या मान्य आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता असे उपचार संशोधनाच्या चौकटीतच करावयाचे आहेत, आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. गुडघेदुखीसाठी कोणी लाखोंची मागणी केली, तर आयुष्यभराची पुंजी मोडण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना एकवार अवश्य विचारावे.