रेनडिअर व रेनडिअर शैवाक

उत्तर ध्रुवाभोवतालच्या टंड्रा व तैगा प्रदेशांत आढळणारा रेनडिअर हा मृगकुलातील प्राणी आणि त्याच्या हिवाळी आहारातील एक प्रमुख घटक असलेले रेनडिअर शैवाक यांची तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटते. तथापि एकाच्या वाढीचा वेग दुसऱ्याचे भवितव्य ठरवितो. रेनडिअरचे शास्त्रीय नाव रँजिफर टॅरँडस, तर शैवाकाचे क्लॅडोनिया रँजिफेरिना असे आहे.

या शैवाकाला ‘रेनडिअर मॉस’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी ते मॉस नव्हे. कवक व शैवल यांच्या सहजीवनातून ते बनलेले असते. (मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल हेही शैवाकच, मात्र ते वेगळ्या प्रकारचे असते.) त्याला मुळे नसतात, पाणी व खनिजे ते पावसातून आणि हवेतून शोषून घेते. त्याची उंची वर्षाला सामान्यतः ३ ते ५ मिमी. एवढीच वाढते. चरून गेलेला थर पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागतात.

उलट, रेनडिअरची मादी सामान्यतः दरवर्षी एका पिलास जन्म देते. हा प्राणी बर्फाखालील शैवाक वासावरून हुडकतो व खुरांनी उकरून खातो. शैवाकात प्रथिने अत्यल्प, पण कार्बोहायड्रेटे विपुल असतात. इतर बहुतेक प्राण्यांना ती नीट पचत नाहीत. रेनडिअरच्या रोमंथिकेतील सूक्ष्मजीव मात्र ती पचवितात.

दोहोंच्या वेगांतील तफावतीचे ठळक उदाहरण बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर दिसून आले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९४४ मध्ये तेथे २९ रेनडिअर सोडले. बेटावर लांडगे नव्हते आणि शैवाकांचे जाड थर होते. १९५७ मध्ये कळपाची संख्या सु. १,३५० व १९६३ मध्ये सु. ६,००० झाली. १९६३-६४ च्या कडक हिवाळ्यात बहुतेक प्राणी मेले; १९६६ मध्ये डेव्हिड क्लाइन यांना केवळ ४२ आढळले. हिवाळा हे तात्कालिक कारण होते. मूळ कारण शैवाकांचा आधीच झालेला ऱ्हास हे होय. कळप पुढे नामशेष झाला.

मुळांवाचून पोषण घेण्याच्या वैशिष्ट्याचा परिणाम १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतर प्रत्ययास आला. पावसाबरोबर पडलेले किरणोत्सर्गी सिझियम–१३७ शैवाकांनी थेट शोषले व ते रेनडिअरच्या मांसात उतरले. स्वीडनमध्ये सामी पशुपालकांच्या कळपांतील पुष्कळ मांस टाकून द्यावे लागले. १९८७ मध्ये तेथील शासनाने रेनडिअरच्या मांसासाठी अनुज्ञेय मर्यादा किलोग्रॅमला ३०० बेकरेलवरून १,५०० बेकरेलपर्यंत वाढविली.